बुरुलच्या वाट्याची घोडी

मी एक म्हातारी घोडी आहे. रंग कुमैत, म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ, डाव्या कानाला दोन खाचा, आणि पुढचे दात इतके झिजलेले की आखूड गवत आता तोंडाला लागत नाही. नाव विचाराल तर नाही. आमच्याकडे घोड्यांना नावं ठेवत नाहीत, रंगावरून हाक मारतात. मला सगळे तोरू म्हणतात. तोरू म्हणजे कुमैत. बेल-साजच्या कुरणावर अशा तोरू पन्नास निघतील, पण दोन खाचांची मी एकटीच होते. आता माझ्या लेकी आहेत, नाती आहेत.

मित्रांनो, त्या खाचांचीच ही गोष्ट आहे. शर्यतीत जिंकलेल्या घोड्याची गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या घोड्याकडे जा. मी कधी काही जिंकलं नाही. मी एका मुलीची होते, ती मुलगी माझ्या डोळ्यांदेखत नेली, आणि माझे पाय बांधलेले होते. एवढंच आहे.

माझा जन्म कुरणावरच झाला. बर्फ नुकतं वितळलं होतं आणि चिखलात मी पोटापर्यंत बरबटले होते. उल्कान अपानं मला आपल्या ओच्यानं पुसलं. अपा म्हणजे आई. गावातले लहानथोर सगळे तिला अपाच म्हणत. तिचा नवरा त्याच हिवाळ्यात गेला होता आणि माझी आई ही त्याची बसायची घोडी. मला पुसता पुसता उल्कान अपा म्हणाली, "म्हातारा गेला आणि ही आली. चाल त्याच्यासारखी नको गं घेऊस, तो जरा लंगडायचा." आणि एकटीच हसली.

तिला तीन लेकरं. थोरला कुबात, तालुक्याच्या गावी राहायचा आणि सणाला यायचा तेव्हा घड्याळाकडे बघत बसायचा. धाकटी जिपार. आणि मधला एसेन, जो तिचा होता आणि नव्हताही. एसेनला तिनं देऊन टाकला होता. दिराला मूल नव्हतं. जाऊ काकिन एक दिवस येऊन चुलीपाशी बसली, काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. उल्कान अपानं चाळीस दिवसांचा एसेन उचलून तिच्या मांडीवर ठेवला. आमच्याकडे असंच असतं. मेंढी कापतात, तिच्या पायाचं नळीचं हाड बाळाच्या मुठीत देतात, शेजारीपाजारी साक्षीला बसतात, झालं. एसेन तीन घरं पलीकडे वाढला. त्याला दोन अपा होत्या. एकीनं मारलं की दुसरीकडे जेवायचा. मोठा झाला, आमच्या घोड्यांमागे फिरू लागला, आणि दोन्ही घरांतली लाकडं तोच फोडायचा. कुबात सख्खा असून वर्षातून दोनदा यायचा. दिलेला रोज यायचा.

हे नीट लक्षात ठेवा मित्रांनो. पुढचं सगळं यावरूनच बिघडलं.

जिपारला लग्नाआधी मूल झालं. मुलगी. बापाचं नाव गावाला माहीत होतं, पण तो रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला. मग जिपारही गेली, कपडे शिवायच्या कारखान्यात. सहा महिन्यांची बुरुल उल्कान अपाजवळ ठेवून.

बुरुल उभी राहिली तेव्हा मी दोन वर्षांची होते. लेकरू पहिली पावलं टाकू लागलं की आम्ही त्याच्या पायांना काळा-पांढरा दोरा बांधतो. गावातली पोरं लांबून पळत येतात, जे पहिलं पोचतं ते सुरीनं दोरा कापतं. पायबंद तुटला, आता लेकरू आयुष्यभर चालेल. त्या दिवशी शेजारची एक दात पडलेली मुलगी पहिली आली. तिनं दोरा कापला आणि बुरुल चार पावलं टाकून थेट माझ्या पायाशी येऊन आपटली. रडली नाही. वर हात करून तिनं माझा खालचा ओठ धरला.

सगळे हसले. उल्कान अपा म्हणाली, "बघितलंत? तिनंच निवडली. एसेन, सुरी आण."

एसेननं माझ्या डाव्या कानाला दोन खाचा पाडल्या. दुखलं. रक्त मानेवर आलं. पण त्या क्षणापासून मी उल्कान अपाची राहिले नाही, घराची राहिले नाही. मी बुरुलचा वाटा झाले. माझ्या पोटी जे शिंगरू येईल तेही तिचं, त्याच्या पोटचंही तिचं. ती मोठी होऊन स्वतःचं घर मांडेल तेव्हा तिच्याबरोबर जायचं. तोवर कोणी विकायचं नाही, कापायचं नाही. लेकराच्या वाट्याला हात लावणाऱ्याच्या तोंडावर आमच्याकडे थुंकतात. निदान थुंकत असत.

ती माझी चांगली वर्षं. चार उन्हाळे, गाव तंबू घेऊन कुरणावर राहायला जायचं तेव्हाचे. पहाटे हिरवं कुरण, दिवसातून पाच वेळा दूध काढणं, चामड्याच्या बुधल्यात आंबणाऱ्या आमच्या दुधाचा, कुमीसचा वास. माझं दूध गोड म्हणून पलीकडच्या तंबूतली माणसं मुद्दाम यायची. माझी चाल अशी होती की पाठीवर भरला वाडगा ठेवला तरी सांडला नसता. काकिन म्हणायची, "ही घोडी नाही बाई, पाळणा आहे." बुरुल त्या पाळण्यात खरंच झोपायची. एसेन लगाम धरून पुढे चालायचा आणि ती माझ्या आयाळीत तोंड खुपसून घोरायची. रोज सकाळी मुठीत मीठ घेऊन यायची. आधी माझा खालचा ओठ ओढायचा, मग मूठ उघडायची. मी चाटायची. कधी कधी मूठ रिकामीच असायची आणि ती खदखदून हसायची. मी रिकामी मूठही चाटायची. घामाचं मीठ असतंच की.

मग सागिन आली.

सागिन कुबातच्या सासरकडून लागणारी, शहरात राहणारी बाई. केस सोनेरी रंगवलेले, बोलणं लोण्यासारखं. तिच्याबरोबर गाडीतून दोन परदेशी उतरले. बाईचं नाव इंगर. तिचा नवरा इतका उंच की तंबूच्या दाराशी अडला.

काकिन पुटपुटली, "हा उंट आत शिरणार कसा?"

"दुमडून," उल्कान अपा म्हणाली. "चहा ठेव."

मी दाराबाहेरच बांधलेली होते. माणसं गुपित बोलताना कुत्र्याला हाकलतात, घोड्याला कोणी हाकलत नाही. म्हणून मला सगळं माहीत आहे.

सागिन म्हणाली, "अपा, सरळच सांगते. यांना मूल नाही. बारा वर्षं झाली. तुमच्या बुरुलचा फोटो मी दाखवला तेव्हापासून ही बाई नीट जेवलेली नाही."

"माझ्या नातीचा फोटो तू कशाला दाखवलास गं?"

"चांगल्यासाठीच ना अपा. तुमचे गुडघे गेलेत. जिपार तिकडे. शाळेला हिवाळ्यात कोण पोचवणार? तिथे तिला खोली, डॉक्टर, शाळा, सगळं. आणि दर उन्हाळ्याला येईल की! विमान कशाला आहे?"

"दर उन्हाळ्याला?"

"दर उन्हाळ्याला."

तेवढ्यात इंगर रडू लागली. ती खोटं रडत नव्हती, हे मी शपथेवर सांगते. घोड्याला रडण्याचा वास येतो. ती चुलीपाशी जमिनीवर बसली, अगदी काकिन बसली होती तशी, काही न बोलता. उल्कान अपा तिच्याकडे बघत राहिली, आणि मला कळलं की आता संपलं. मूल मागायला आलेली बाई चुलीपाशी बसली की आमची माणसं नाही म्हणूच शकत नाहीत. शिकवलेलंच नाही त्यांना.

जिपारला सही करायला बोलावलं. ती दोन दिवसांसाठी आली. तंबूमागे, माझ्या खुंट्यापाशी मायलेकी उभ्या राहून भांडल्या.

"अपा, एसेनला तीन घरं पलीकडे दिलंस. ही समुद्रापलीकडे चाललीय!"

"तेव्हा घोडी होती, आता विमान आहे. तेवढाच वेळ लागतो."

"उगाच चेष्टा करू नकोस. मला भीती वाटते."

"भीती तुला आत्ता वाटतेय? सहा महिन्यांची टाकून गेलीस तेव्हा नाही वाटली?"

 उल्कान अपालाच तोंडातून गेलेलं परत घ्यावंसं वाटलं असावं, कारण ती माझ्या मानेवर हात फिरवू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "हे बघ. मी एसेन दिला. माझं काय गेलं? मला मुलगा राहिला आणि काकिनला मुलगा झाला. दिलेलं लेकरू जात नाही गं, वाढतं. बुरुलला आपण दोघी आहोतच. ती बाई धरून तीन अपा होतील. श्रीमंत होईल पोरगी."

जिपारनं सही केली. उल्कान अपानंही केली. कागद परक्या भाषेत आणि आमच्या भाषेत, असा दोन्हींत होता. आमच्या भाषेतला कोणी वाचला? कोणीच नाही. चष्मा घरी राहिला होता, आणि सागिन म्हणाली, "नेहमीचंच असतं हो, सरकारी." मला तुमचा राग येतो मित्रांनो, माणसांचा. घोडा विकत घेताना तुम्ही त्याचा जबडा फाकवून दातन् दात तपासता, आणि लेकराचा कागद न वाचता सही करता. पण उल्कान अपावर कितीसं रागवू? वाचला असता तरी तिला समजला नसता. तिच्या डोक्यात तसली देवघेव नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मेंढी कापली. हाड बुरुलच्या हातात दिलं आणि त्या हातावर इंगरचा हात ठेवला. सगळं गाव साक्षीला बसलं. म्हाताऱ्यांनी हात पसरून दुवा मागितली, की ही मुलगी दोन्ही घरांची राहो. इंगरनं विचारलं, हे काय चाललंय? सागिन तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला कळलं नाही, पण इंगर आणि तिचा नवरा खुश झाले आणि त्यांनी फोटो काढले. निरोपाचं जेवण, असंच काहीसं सांगितलं असणार. आमच्या लोकांनी शपथ घेतली आणि त्यांनी फोटो घेतला.

मग उल्कान अपानं मला आणवलं. खरारा केलेला, शेपटीला लाल चिंधी. तिनं लगाम त्या उंच माणसाच्या हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही तोरू बुरुलची. हिची पिल्लंही बुरुलची. आजपासून तुम्ही तिचे बाप, म्हणून लगाम तुमच्या हातात. मी फक्त सांभाळणारी."

त्यानं सागिनकडे पाहिलं. सागिननं हाताची खूण केली, बसा बसा. त्यालाही वाटलं की पाहुण्याला घोड्यावरून एक चक्कर मारायला देतायत. तो माझ्यावर चढला, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले. आम्ही तंबूभोवती एक फेरी मारली. पोरं ओरडत होती, "उंट घोड्यावर! उंट घोड्यावर!" तोही हसत होता. खाली उतरला, माझ्या कपाळावर थोपटलं, आणि लगाम एसेनच्या हातात परत दिला.

हसणं थांबलं. एसेनचा चेहरा पांढरा पडला. लेकराच्या वाट्याचा लगाम परत करायचा म्हणजे लेकराचं इथलं सगळं नाकारायचं. आमच्याकडे भांडण तोडतानाही असं करत नाहीत.

"अपा," एसेन म्हणाला, "त्यानं लगाम परत दिला."

 उल्कान अपा मोठ्यानं हसली. "मग काय विमानात बसवून नेणार का घोडी? खिडकीपाशी? परदेशी माणसं आहेत रे, त्यांना काय कळतंय. दे इकडे." आणि तिनं लगाम स्वतःच्या मनगटाला गुंडाळला. तिनं तो घट्ट आवळला. ताण माझ्या तोंडापर्यंत आला.

गाडी निघाली तेव्हा मी पन्नास पावलांवर चरत होते, पुढच्या दोन पायांना केसाळ दोराचा पायबंद. बुरुलला वाटलं फिरायला चाललो. ती आधी माझ्याकडे पळत आली, ओठ ओढला, मूठ उघडली. मीठ होतं. मी चाटून संपवायच्या आत सागिननं तिला उचललं. गाडीचं दार लागलं तेव्हा मात्र तिला काहीतरी कळलं. काचेला दोन्ही हात लावून ती ओरडली. "तोरू" म्हणाली की "अपा" म्हणाली ते काचेतून ऐकू आलं नाही. जिपार तंबूत तोंड लपवून बसली होती. मी उड्या मारल्या. पायबंद घातलेला घोडा कशा उड्या मारतो ते तुम्ही पाहिलंय का? दोन पाय जोडून, बेडकासारख्या. ओढ्यापर्यंत गेले आणि तोंडावर पडले. तिच्या पायातला दोरा कापला त्या दिवशी केवढा सण केला होता. माझ्या पायातला कापायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आणि कापला असता तरी मी काय करणार होते? गाडीपुढे जाऊन उभी राहणार होते?

संध्याकाळी काकिनला ते हाड सापडलं. पाहुण्यांच्या बसायच्या गादीखाली पडलं होतं. न्यायचं असतं ते, नव्या घरात जपून ठेवायचं असतं.

"घाईत विसरले," उल्कान अपा म्हणाली. तिनं ते पुसलं, स्वच्छ फडक्यात बांधलं आणि पेटीत ठेवलं.

पुढचा उन्हाळा आला. तिनं बुरुलसाठी नवी गादी शिवली. ताज्या कुमीसचा पहिला वाडगा रोज बाजूला काढायची आणि संध्याकाळी स्वतः पिऊन टाकायची. कोणी आलं नाही. शरद ऋतूत सागिनमार्फत एक फोटो आला. निळ्या पाण्याच्या हौदाकाठी केस कापलेली बुरुल. मागे तीन शब्द लिहिले होते. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी वाचून दाखवले, "लीना, सहा वर्षं."

"लीना कोण?" उल्कान अपानं विचारलं.

मास्तरीणबाईंनी फोटो सुलटा करून तिच्या हातात दिला.

"मागे चुकून दुसऱ्याच पोरीचं नाव टाकलंय," उल्कान अपा म्हणाली. "फोटो मात्र आपल्याच पोरीचा आहे."

त्यानंतर फोटोही आला नाही. सागिनचा फोन आधी वाजायचा, मग तोही बंद झाला. शहरात तिच्या घरावर नवे निळे पत्रे चढल्याचं कुबात सांगत होता. दोन उन्हाळे असे गेल्यावर एसेननं मला खोगीर घातलं. इतके दिवस तो माझ्यावर कधी बसला नव्हता. वाटा बुरुलचा, आपण कशाला बसा, असं त्याचं. त्या दिवशी माझ्या कानात म्हणाला, "तिच्याच कामाला चाललोय. आज चालेल." उल्कान अपाला मागे बसवलं आणि आम्ही गावकचेरीत गेलो. मला खिडकीखाली बांधलं. खिडकी उघडी होती.

आतली कारकून मुलगी तरुण होती, आवाज चांगला होता. तिनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग परत वाचला.

"अपा, यात लिहिलंय की मुलीचे आधीच्या घराशी सगळे संबंध संपले."

"संपले? आमचं भांडण कधी झालं?"

"भांडणाचं नाही अपा. कायद्यानं संपले. तिचा नवा जन्मदाखला झालाय. आईच्या रकान्यात त्या बाईचं नाव आहे."

"असू दे की. काकिनचंही आहे एसेनच्या दाखल्यावर. मी विचारतेय, ती यायची कधी?"

"यायचं काही लिहिलेलं नाही."

"आम्ही भेटायला गेलो तर?"

"पत्ता द्यायचा नाही असं लिहिलंय. आणि अपा..." मुलीचा आवाज बारीक झाला. "बुरुल नावाची मुलगी आता नोंदीत नाहीच. तिच्या जागी ती दुसरी आहे."

 मग उल्कान अपाचा आवाज आला, अगदी साधा, बाजारात चौकशी करावी तसा.

"मग ती बाहेर बांधलेली घोडी कोणाची?"

कारकून मुलीनं खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं. तिच्या गावातही कान खाचतात. तिला खाचा कळल्या. ती रडायला लागली, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या हिवाळ्यात जिपार आली आणि सगळं ऐकून गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "दिलेलं लेकरू वाढतं म्हणालीस ना अपा? वाढतंय. आपल्याला दिसत नाही एवढंच." परत ती आली ती थेट उल्कान अपाच्या मयतालाच.

 उल्कान अपानं स्वतःला काय शिक्षा केली ते मी पाहिलं. तिनं चहात मीठ टाकणं सोडलं. आमच्याकडे बिनमिठाचा चहा म्हणजे आजाऱ्याचं पाणी. कोणी विचारलं तर म्हणायची, "मीठ तोरूला लागतं." आणि रोज सकाळी काठी टेकत येऊन माझ्यापुढे मूठ उघडायची. ओठ मात्र कधी ओढला नाही. तो मान तिचा नव्हता.

मी म्हातारी होत गेले. शिंगरं होत गेली आणि एसेन प्रत्येकाच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडत गेला. गावातली नवी पोरं विचारायची, "ही कोणाची रे?" एसेन म्हणायचा, "बुरुलची." "कोण बुरुल?" मग तो पुढच्या शिंगराकडे वळायचा. दूध आटलं तेव्हा माझं कौतुकही आटलं. पाळणा म्हणणारी काकिन गेली. एका वर्षी, उल्कान अपा अंथरुणाला खिळलेली असताना, कुबात ट्रक घेऊन आला आणि माझे दोन तरणे घोडे बाजारात घेऊन गेला. एसेन तेव्हा वरच्या कुरणावर होता. उल्कान अपा दारापर्यंत रांगत आली.

"कुबात, लेकराचा वाटा आहे रे तो!"

"कुठलं लेकरू अपा? तुम्हीच कचेरीत ऐकून आलात ना, अशी कोणी मुलगीच नाही? मग घोडे आपलेच."

ती त्याच्या दिशेनं थुंकली. थुंकी तिच्याच ओच्यावर पडली. ट्रक गेला. माझे मुलगे फळीतून मान काढून खिंकाळत होते. मी खुंट्याला बांधलेली होते. माझ्या आयुष्यात महत्त्वाचं काहीही झालं मित्रांनो, की मी बांधलेलीच असते.

गेल्या शरदात उल्कान अपा गेली. शेवटी तिची जीभ जड झाली होती, पण एसेनला तिनं दोनदा सांगितलं, माझ्या मयताला बुरुलचं जनावर कापू नकोस. मयताला आमच्याकडे घोडा लागतोच. एवढं गाव जेवणार, त्याशिवाय माती देणार कशी? कुबात आला. त्यानं अंगणात फिरून सगळी जनावरं पाहिली. माझ्यापाशी थांबून म्हणाला, "ही म्हातारी कोण चावणार?" मग माझी तीन वर्षांची लेक दाखवली, गुबगुबीत, काळ्या आयाळीची. "ही घ्या."

"ती बुरुलची आहे, आके," एसेन म्हणाला. आके म्हणजे थोरला भाऊ.

"परत तेच? कागद दाखव. नाहीये ना? माझी आई मेलीय एसेन. माझ्या आईच्या मयताला घोडा कोणता, ते मी ठरवीन. तू काकिनचा मुलगा. कागदावर तसंच आहे."

अंगणातली माणसं खाली बघू लागली. मला वाटलं एसेन आता मारणार त्याला. त्यानं मारलं नाही. तो गोठ्यामागे गेला आणि स्वतःचा करडा घोडा घेऊन आला. त्याच्याकडे असलेला एकुलता एक, दहा वर्षं बसत होता त्यावर. त्यानं लगाम कसायाच्या हातात ठेवला.

"माझ्या अपासाठी," तो म्हणाला. "कागदावर काय आहे ते तुझ्याकडेच ठेव, आके."

मग तो पुरुषांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, काठीवर वाकून, आणि गळा काढून रडला, "माझी अपा गं, माझी अपा." दारात उभी राहून जिपार त्याच्याकडे बघत होती. कुबात शेजारी उभा राहून घड्याळ बघत होता.

दिलेलं लेकरू असं परत येतं मित्रांनो. मातीला येतं. उल्कान अपाला एवढंच माहीत होतं, आणि एवढंच तिनं बुरुलबद्दल धरून ठेवलं होतं. ती मूर्ख नव्हती. तिनं देणं पाहिलं होतं, पुसून टाकणं कधी पाहिलं नव्हतं. इंगरही वाईट नव्हती. तिनं मुलीला पोटाशी धरलं असेल, खाऊ घातलं असेल, ताप आला तर उशाशी जागली असेल. पण तिच्या हातात कोणी लेकरू आणि हाड दोन्ही दिलं होतं, आणि ती हाड गादीखाली विसरली.

आता एसेन पायी चालतो. मी रिकाम्या पाठीनं त्याच्या शेजारी चालते, तरी तो बसत नाही. या वसंतात माझ्या लेकीला शिंगरू झालं. त्याच्याही कानाला त्यानं खाचा पाडल्या. सुरी पुसताना म्हणाला, "कोणाला सांगायचं म्हणून नाही गं तोरू. पाडायच्या म्हणून पाडल्या." ते हाड आता त्याच्या पेटीत आहे. माझ्याच्यानं पुढचा हिवाळा निघणार नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही.

म्हणून तुम्हाला सांगते. दूरच्या घरातून लेकरू आणणारे कोणी तुमच्या ओळखीचे असतील, तर त्यांना सांगा, त्याच्याबरोबर जे दिलं तेही घ्या. लगाम हातात दिला तर धरा. धरता येत नसेल तर निदान हे काय आहे म्हणून विचारा, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघा. लेकराचं नाव बदलू नका. पत्ता पुसू नका. मागे कोणीतरी चहातलं मीठ सोडून बसलेलं असतं.

आणि कधी कुठे एकवीस वर्षांची एक मुलगी दिसली, नाव लीना, आणि घोडा दिसला की तिचा हात आपोआप त्याच्या खालच्या ओठाकडे जातो, का जातो ते तिचं तिलाही माहीत नाही, तर तिला सांगा. बेल-साजच्या कुरणावर तुझी जनावरं आहेत. डावा कान बघ. मी नसले तर माझी लेक असेल, ती नसली तर तिची लेक. येताना काही आणू नकोस म्हणावं. मूठ रिकामी असली तरी आम्ही चाटतो.